पुन्हा विचारू नका

५ फेब्रुवारी

बोक्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळं धड आहे. कॉम्प्युटरची पिन काढून ठेवली आहे आणि त्याच्यावर जुनी चादर टाकली आहे, म्हणून कागद. फोन करता आला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि तू "मावशी, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. मग दोघांचीही पंचाईत होते.

झालं ते सांगते. मंगळवारी सकाळी साडेनऊला गाण्याच्या क्लासच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुम्ही मला हे काय पाठवलंय, कुणाचं तरी खासगी दिसतंय. मी म्हटलं, मी काहीच पाठवलेलं नाही. पंधरा मिनिटांनी चष्मेवाल्याचा फोन. मग प्लंबरचा. मग तुझ्या आईच्या जुन्या मैत्रिणीचा. तिने तर सगळं वाचून काढलं होतं आणि वर मला विचारलं, कथा तू लिहिलीस का, जरा लांबलीय. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तेहतीस जणांचे पत्ते आहेत. तेहतीसही जणांना माझ्या नावाने मेल गेली आणि सोबत माझ्याच कॉम्प्युटरमधली एक फाइल.

फाइल कसली ते तुला कळलंच असेल. डॉक्टरीणबाईंकडे लोक मन मोकळं करायला येतात, ते बोलणं रेकॉर्ड होतं आणि मी हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने थांबवत थांबवत ते टाइप करते. अकरा वर्षं. अकरा वर्षांत माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. ऐकायचं, उतरवायचं, चहा प्यायचा आणि विसरायचं. आणि आता एका बाईची चौदा पानं प्लंबरकडे आहेत. त्यात तिचं नाव नाही, पण आमचं गाव काही फार मोठं नाही, आणि चौदा पानांत माणूस नावाशिवायही ओळखू येतो.

आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या नावाने मेल आली होती, "नवीन रेकॉर्डिंग" म्हणून. रोज येते तशीच. मी उघडली, काही वाजेना, म्हटलं बिघडलं असेल, आणि इस्त्री करायला गेले. बस, एवढंच. पूर्वी ती चौकट यायची ना, "हे उघडायचं का, नक्की उघडायचं का" असं विचारणारी, तशी काही आल्याचं मला आठवत नाही. पण आली असेल. मीच घाईत काही तरी दाबलं असेल. तू एवढा घसा कोरडा करून शिकवलंस आणि मी माती खाल्ली.

डॉक्टरीणबाईंना लेखी खुलासा द्यायचा आहे. मी नेमकं काय चुकीचं दाबलं ते सोप्या शब्दांत लिहून पाठव. चूक माझीच आहे, हे मी त्यांना तोंडी सांगून टाकलं आहे.

तुझी मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

ऑफिसच्या पत्त्यावर हाताने लिहिलेलं पाकीट आलं म्हणून खालच्या रिसेप्शनवरची बाई मला शोधत चौथ्या मजल्यावर आली. तिला वाटलं, कोर्टाची नोटीस आहे. आता सगळे मला विचारतायत, कुणी दावा ठोकला का.

आधी रडणं थांबव. असं रोज कुणा ना कुणाचं होतं. आमच्याकडे तर तक्रारी ऐकायला एक अख्खा मजला आहे, आणि तिथली माणसं संध्याकाळी खाली उतरतात तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. तुझ्यापेक्षा शिकलेले, कॉम्प्युटरवरच पोट असलेले लोक यात फसतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता, काय दाबलंस ते. मी तिथे नव्हतो, त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण साधारणपणे चौकट येते, माणूस वाचत नाही आणि "हो" म्हणून मोकळा होतो. तुझ्या वेळीही चौकट आली असणार. खुलाशात असं लिही: "नजरचुकीने परवानगी दिली गेली." चांगलं वाक्य आहे, कुणालाच टोचत नाही. तू गावभर सांगतेस की माझा भाचा अँटिव्हायरस बनवतो, पण तो बनवणारे वेगळे. मी फक्त त्या चौकटीतली वाक्यं लिहितो. माझं पोट असल्या वाक्यांवरच चालतं.

सध्या एक पुस्तिका लिहितोय, ग्राहकांना फुकट वाटायची. साध्या माणसाने इंटरनेटवर स्वतःला कसं सांभाळावं, दहा नियम. साहेबांना ती मार्चच्या आत छापून हवी आहे, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. नाही तर लगेच आलो असतो.

आणि हो, कॉम्प्युटर कुणाला दाखवला नाहीस ना? दाखवू नकोस. बाहेरचा माणूस येऊन उगाच काही तरी बदलून ठेवतो. मी येईन तेव्हा मीच बघेन. चादर राहू दे.

बोका


२० फेब्रुवारी

बोक्या,

खुलासा दिला. तुझं वाक्य जसंच्या तसं घातलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "सध्या आपण थांबू या." किती सभ्यपणे बोलतात त्या. मी घरी येऊन पेडल आणि हेडफोन पुसून, कापडी पिशवीत घालून परत देऊन आले. पाय अजून टेबलाखाली पेडल शोधतो, हे मात्र खरं.

मी आता सगळं वाचते. बँकेत सहीपूर्वी तीन पानी फॉर्म उभ्याने वाचला, मागे रांग खोळंबली. एक गृहस्थ म्हणाले, "काकू, परीक्षा आहे का?" मी म्हटलं, होय, आणि एकदा नापास झालेय.

पण हे लिहायला पत्र काढलेलं नाही. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. ती बाई कोण, ते मला माहीत आहे. हे तुला सांगणं म्हणजे तोच गुन्हा दुसऱ्यांदा करणं, पण एकटीने वाहवत नाही.

ती आमच्या पोस्टात आहे, तीन नंबरच्या खिडकीवर. डॉक्टरीणबाई मला नावं कधीच सांगत नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि दुसऱ्या मिनिटाला मी पेडलवरून पाय काढला. "वजन करून बघू का" हे मी त्या आवाजात शंभर वेळा तरी ऐकलं असेल. तेव्हापासून दर आठवड्याला मी तिच्याकडून तिकिटं घेते आणि चेहऱ्यावर काहीही दाखवत नाही. तिला पत्ताही नव्हता. त्याचा मला अभिमान होता रे.

तिने डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं होतं? की मुलगी झाल्यावर पहिली तीन वर्षं तिला त्या लेकराबद्दल काहीच वाटलं नाही. न्हाऊ घालायची, जेवू घालायची, पण दुसऱ्याचं मूल सांभाळल्यासारखं. एकदा बागेतल्या बाकावर तिला बसवून ती फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली. पुढे सगळं पालटलं, आता ती मुलगी म्हणजे तिचा जीव की प्राण आहे. पण हे ओझं वीस वर्षं कुणाला दाखवलेलं नव्हतं. पहिल्यांदा बोलली ती डॉक्टरीणबाईंशी. म्हणजे माझ्याशी.

चष्मेवाल्याच्या बायकोने ओळखलं. तिने ती पानं त्याच मुलीला दाखवली, "तुझ्या भल्यासाठी" म्हणून. मुलगी तेवीस वर्षांची आहे. ती घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली आहे आणि आईचा फोन उचलत नाही.

मी हे पत्र तीन नंबरवर देणार नाही. बसस्टँडजवळच्या पेटीत टाकणार आहे, वीस मिनिटं चालून. पण असं किती दिवस तोंड लपवायचं? मी तिच्यासमोर जाऊन माफी मागणार आहे.

मावशी


१ मार्च

मावशी,

जाऊ नकोस. हात जोडून सांगतो. तू कबूल केलंस आणि उद्या तिने तक्रार केली तर? तुझा खुलासा डॉक्टरीणबाईंच्या ड्रॉवरमध्ये आहेच. आणि माफी मागून तिची मुलगी परत येणार आहे का? जखमेवरची खपली काढण्यात काय हशील?

शिवाय सगळं खापर तू स्वतःच्या डोक्यावर का फोडून घेतेस? नीट विचार कर. डॉक्टरीणबाईंनी इतकं नाजूक काम घरच्या साध्या कॉम्प्युटरवर करायला दिलंच कसं? एक वेगळं मशीन द्यायला काय झालं होतं? मेल पोचवणाऱ्या कंपनीने ती खोटी मेल तुझ्यापर्यंत येऊच का दिली? पोलीस असल्या टोळ्या का पकडत नाहीत? चष्मेवाल्याच्या बायकोला कुणी सांगितलं होतं समाजसेवा करायला? आणि आमच्यासारख्या कंपन्या. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्याकडे यावर दर महिन्याला वाद होतो. एक गट म्हणतो, साध्या माणसाला काही विचारूच नका, त्याला काय कळणार, दार आपणच बंद ठेवू. दुसरा गट म्हणतो, दार त्याचं, घर त्याचं, त्याला विचारा, "हो" म्हणाला की आपण सुटलो. मी नेहमी दुसऱ्या गटात असतो. तिथे बोलायला सोपं जातं. शेवटी वापरणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत का?

बघ, मी कुठून कुठे गेलो. मला एवढंच म्हणायचं होतं की इतक्या लोकांमध्ये वाटली तर तुझ्या वाट्याला अगदी थोडी चूक येते. तेवढ्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

पुस्तिका छापून आली, एक प्रत सोबत पाठवतो. चित्रं छान झाली आहेत. सगळी वाचत बसू नकोस.

हल्ली जेवण जात नाही. पुस्तिकेच्या कामाने असेल.

बोका


१० मार्च

बोक्या,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी जाऊन आले होते. बरं झालं उशीर झाला, नाही तर तू मला अडवलं असतंस.

जेवणाच्या सुट्टीच्या वेळी गेले. खिडकीची फळी ओढत होती. मी म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायचंय, टपालाचं काम नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या खोलीत घेऊन गेली. चारी बाजूंनी पोती, शिक्के, लाखेचा वास. बसायला एकच खुर्ची होती, ती तिने मला दिली. मी उभीच राहिले. मी म्हटलं, "ती पानं माझ्या घरातून गेली. मी टाइप केली होती. चूक माझी आहे."

तिने समोरचं एक पोतं बाजूला सरकवलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना सगळं? मग माझ्याकडून तिकिटं घेताना तुम्हाला काय वाटायचं माझ्याबद्दल?"

बोक्या, असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "तुम्ही बाकापर्यंत परत आलात तिथे मी पेडल थांबवलं होतं आणि तोंड धुऊन आले होते. मला तुम्ही आवडायच्या." मग ती रडली, मीही रडले. दोघी पोत्यांच्या मध्ये उभ्या राहून. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही निदान आलात. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही आता." किती हलकं वाटलं म्हणून सांगू! महिनाभरात त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तिने एकच मागितलं. तिच्या मुलीला वाटतंय की आईनेच हे कुणाकुणाला सांगत फिरून गावभर केलं. मी जाऊन सांगावं की ते माझ्या हातून गेलं. पत्ता दिलाय. रविवारी जाणार आहे.

पुस्तिका वाचली. तू नको म्हणालास म्हणून पूर्ण वाचली. छान लिहितोस तू, लहानपणापासूनच. सहाव्या पानावर ती गोष्ट आहे, "एक मावशी होत्या. घरी टायपिंग करायच्या. चौकट आली की न वाचता 'हो' म्हणायच्या." शेजारी चित्रात जाड भिंगांची, अंबाडा घातलेली बाई, आणि खाली ठळक अक्षरांत, "दोष कुणाचा?" पहिल्यांदा वाचताना कानशिलं तापली. मग म्हटलं, असू दे, माझ्या फजितीने चार माणसं शहाणी होणार असतील तर चांगलंच आहे. मी शेजारणीलाही वाचायला दिली. सांगितलं, ही मीच.

जेवत जा वेळेवर.

मावशी


१६ मार्च

मावशी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. यावेळी फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

तू काहीही दाबलं नाहीस. चौकट आलीच नव्हती. ती मी बंद केली होती.

नोव्हेंबरमध्ये मी दोन दिवस आलो होतो, आठव. त्याआधी तू मला दिवसातून दोनदा, तीनदा फोन करायचीस, "बोक्या, चौकट आली, हो म्हणू की नाही म्हणू?" आणि तू प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचीस. मावशी, माझ्या माहितीत ती वाक्यं शेवटपर्यंत वाचणारी तू एकटी आहेस. मी मीटिंगमध्ये असायचो, शेजारचे हसायचे, मला लाज वाटायची. त्या दिवशी तू बाहेर भाजी आणायला गेलीस आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. चौकटीच्या खाली एक बारीक ओळ असते, "पुन्हा विचारू नका". तिच्यापुढे खूण केली. एकदा नाही, जिथे जिथे ती होती तिथे सगळीकडे. मग तू फोन करायची थांबलीस आणि मला म्हणालीस, "बघ, शिकले की नाही मी!" मी हसलो होतो.

अजून आहे. ती ओळ माझी आहे. दोन वर्षांपूर्वी ग्राहक कटकट करत होते की फार प्रश्न विचारता, तेव्हा ही ओळ मी सुचवली होती. दारच बंद ठेवा म्हणणाऱ्या गटातल्या एका बाईने तेव्हा हात वर करून विचारलं होतं, "आणि त्याने ही खूण केल्यावर त्याला सांभाळणार कोण?" मी म्हणालो होतो, खूण त्याने केली, आता त्याचं तो बघेल. सगळ्यांना ते पटलं. मला त्या वर्षी बढती मिळाली.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. "तशी काही आल्याचं मला आठवत नाही," असं तू चौकटीबद्दल लिहिलं होतंस. ते वाचूनही मी तुला लिहिलं की चौकट आली असणार. कॉम्प्युटर कुणाला दाखवू नकोस म्हणालो ते कशासाठी, तेही आता तुला कळलं असेल. पुस्तिकेतली गोष्ट साहेबांना घाईने काही तरी सांगायचं म्हणून सांगितली. त्यांना फार आवडली. "दोष कुणाचा?" हे त्यांचं, पण बाकी सगळं माझं.

मी नालायक आहे. तू म्हणशील ते करतो. फक्त मला लिही.

बोका


२४ मार्च

तुझं पत्र सोमवारी आलं. मी रविवारी त्या मुलीकडे जाऊन आले होते.

काय झालं ते ऐक. दार तिने उघडलं, आत बोलावलं नाही. मी पायपुसण्यावर उभी राहून सगळं सांगितलं. ती आईसारखीच शांतपणे ऐकते. शेवटी तिने एकच विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरने आधी काही विचारलं नाही?" आणि मी, तुझ्यावर भरवसा ठेवून, म्हणाले, "विचारलं असणार. मी वाचलं नसेल." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या आईचं एवढं सगळं तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही दोन ओळी वाचल्या नाहीत." आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

ती आईकडे परतलेली नाही. आता तिला वाटतं, आईने आपलं दुःख नेऊन असल्या बेपर्वा बाईच्या हाती दिलं.

मी बेपर्वा नव्हते, बोक्या. अकरा वर्षांत कधीच नव्हते. माझं काम गेलं त्याचं एक वेळ सोड. पण मी माझ्या स्वतःबद्दल दोन माणसांना खोटं सांगून आले, तुझ्या वाक्यात. डॉक्टरीणबाईंना लेखी दिलं. शेजारणीला पुस्तिका दाखवली. मला वाटलं म्हातारपण आलं, डोकं चालेनासं झालं. रोज सकाळी उठून मी स्वतःची परीक्षा घेत होते, गॅस बंद केला का, कडी लावली का. हे तू माझं केलंस.

चौकट बंद केलीस ते मी विसरेन. कंटाळला होतास. मीही भंडावून सोडलं होतं. पण कळल्यावर सहा आठवडे तू मला ते माझंच म्हणून वाहू दिलंस, ते मला अजून गिळता येत नाही. येईल असं आज तरी वाटत नाही. खोटं कशाला लिहू.

पोस्टातल्या त्या बाईने मला माफ केलं. ती माफी माझी नव्हती. ती घेऊन मी पोटभर जेवले, याची मला आता लाज वाटते. मी तिच्याकडे जाणार नाही. तू ये. खिडकी दहाला उघडते. रांगेत उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग. डॉक्टरीणबाईंनाही सांग. माझ्याकडे आलास तर मी दार उघडेन, पण आधी तिथे.

मावशी


४ एप्रिल

मावशी,

हे मी तुमच्या पोस्टातल्या लिहायच्या टेबलावर बसून लिहितोय. पेन दोरीने बांधलेलं आहे, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. तुझं घर इथून दहा मिनिटांवर आहे, पण आधी हे लिहून तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकतो आणि तू वाचलंस की मगच कडी वाजवतो, म्हणजे समोरासमोर बोलताना मला त्यातलं काही गाळता येणार नाही.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. तुझा खुलासा त्यांनी ड्रॉवरमधून काढला, मी त्याच्या खाली माझं लिहिलं आणि सही केली. त्या म्हणाल्या की त्या तुझ्याशी स्वतः बोलतील. माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. वेगळं मशीन त्यांनी द्यायला हवं होतं, एवढं मात्र आपणहून म्हणाल्या.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगून आलोय. पुस्तिका परत घ्या म्हटलं. ते म्हणाले, चाळीस हजार प्रती गेल्या, आणि गोष्ट खरी की खोटी हे बघतंय कोण. मला दुसऱ्या विभागात टाकणार आहेत. मी तरी तिथे राहीन का, माहीत नाही.

आज दहाला रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे सात माणसं होती. दोनदा वाटलं, मागच्या माणसाला पुढे जाऊ द्यावं, आणि एकदा दिलंही. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी न बघताच विचारलं, "काय पाठवायचंय?" मी म्हटलं, "काही नाही. मी टायपिंगवाल्या मावशींचा भाचा." मागच्या खोलीत त्यांनी मला नेलं नाही. तिथेच, काचेच्या भोकातून, मागे माणसं उभी असताना मी सगळं सांगितलं. खूण मी केली, ओळही माझी, आणि दीड महिना मी मावशीला खोटं सांगितलं.

त्या शिक्के मारत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "ती ओळ अजून किती लोकांच्या कॉम्प्युटरवर आहे?" मी म्हटलं, मोजलेलं नाही, लाखांत असेल. त्या म्हणाल्या, "आणि त्या सगळ्यांना वाटतंय की तुम्ही लक्ष ठेवताय." जन्मभर दुसऱ्यांसाठी वाक्यं लिहिली, आणि तिथे मी नुसती मान हलवली.

मग म्हणाल्या, "मावशींना सांगा, मी त्यांना दिलेलं परत मागत नाही. त्या आल्या तेव्हा स्वतःहून आल्या होत्या. तुम्हाला मात्र त्यातलं काही देता येणार नाही मला."

मी म्हटलं, मुलीला भेटून सांगू का, मावशी बेपर्वा नव्हती म्हणून. मी आत्ता जातो, पत्ता द्या. तेव्हा त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही," म्हणाल्या. "तिला मी सांगेन. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या दारात जायला मला काही तरी कारण मिळालंय. आणि माझ्या लेकीचा पत्ता मी तुमच्या हातात देणार नाही."

मागचा माणूस खाकरला. मी बाजूला झालो.

तुला तो पत्ता माहीत आहे, मावशी. मी आत्ता तुझ्याकडे येईन, कदाचित रडेन, गयावया करेन, म्हणेन की फक्त एकदा सांग. मला सांगू नकोस.

बोका